एकाच टीव्हीवर दोन बंबवाले

आप्पा, तुमच्याशी भांडायचं राहून गेलं आहे, आणि आता ते मला कागदावरच उरकावं लागणार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावरचा राग खरं तर निवायला हवा होता. निवलाही होता. पण काल दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, फोनवर काहीबाही बघत होते, आणि कुठल्याशा परदेशी माणसाचा एक व्हिडिओ समोर आला. हा माणूस जुने व्हिडिओ गेम जमवतो. एकच गेम वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रासाठी कसा कसा बनवला होता, ते तो पडद्याचे दोन भाग करून शेजारी शेजारी दाखवतो, आणि कोणतं रूप सरस तेही सांगतो. म्हणजे तुम्ही आपल्या बाहेरच्या खोलीत केलंत तेच. फरक एवढाच की हा त्याच्यावर पोट भरतो, आणि तुम्ही त्यापायी आईच्या सख्ख्या भावाला दुखावून बसलात. मी व्हिडिओ पुढे सरकवणार तेवढ्यात ती टुंईटुंई घंटा वाजली आणि मी ताडकन उठून बसले. तो आपला बंबवाला होता.

तुम्हाला आठवत नसेल असं मी मुळीच मानत नाही, पण तुमची सवय होती, 'मला नाही आठवत' म्हणून विषय संपवायची. म्हणून सगळं नीट सांगते. आपण एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. मामा मस्कतहून सुट्टीवर आला होता. विंचूरच्या घरी जेमतेम एक रात्र काढून तो आपल्याकडे आला, छातीशी एक खोकं धरून. "ताई, लय जपून आणलंय. सामानात टाकलं असतं तर फुटलं असतं, म्हून विमानात मांडीवर घेऊन बसलो," असं तो आईला सांगत होता आणि आई खोक्याकडे न बघता त्याच्या खरचटलेल्या हातांकडे बघत होती. खोक्यात व्हिडिओ गेमचं यंत्र होतं. टीव्हीची लाकडी शटरं सरकवली, ॲन्टेनाची वायर काढून यंत्राची लावली, बटण फिरवता फिरवता पडद्यावरच्या मुंग्यांमधून एक इमारत वर आली. इमारतीला आग लागलेली. शिडीवरून बंबवाला चढतो, काही खिडक्यांत माणूस असतो, काही खिडक्यांत जाळ. माणसाला खांद्यावर घेऊन खाली उतरायचं, जाळाला हात लागला की मेलात. गेमचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं, आम्ही त्याला बंबवालाच म्हणायचो. दादा आणि मी त्या रात्री जेवायला उठलो नाही. आणि आप्पा, तुम्हीही आम्हाला उठवलं नाहीत, मागे खुर्चीत बसून बघत राहिलात, हे मी विसरलेले नाही.

आता नशीब बघा. समोरच्या दारात फोरमनकाका, आणि त्यांच्याकडे त्यांच्या मेहुण्याने सिंगापूरहून पाठवलेलं दुसऱ्याच कंपनीचं यंत्र. त्यातही बंबवाल्याची कॅसेट. वरचं चित्रसुद्धा सारखंच, पण आपली कॅसेट त्यांच्या यंत्रात शिरायची नाही आणि त्यांची आपल्या. खेळ तोच, तरी दिसायला वेगळा. त्यांच्या बंबवाल्याला शिरस्त्राण होतं, आपला म्हणजे नुसता चौकोनी ठोकळा. आपली घंटा मात्र गोड, त्यांची म्हणजे मिक्सर बिघडल्यासारखी. झालं, जिन्यात दोन पक्ष पडले. फोरमनकाकांची मुलगी माझ्याच वर्गात. बसमध्ये, डब्याच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे भेटू तिथे आमची जुंपायची. "आमचं भारी." "हाड, आमचं भारी." मुलांनी मुलांसारखं भांडावं आणि मोठ्यांनी हसून सोडून द्यावं, जगात सगळीकडे असंच चालतं. पण तुम्ही मीटर टेस्टिंगमधले. तुम्ही जिन्यात थांबलात, दोघींचं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "भांडण कशाला? टेस्ट घेऊ."

मी तेव्हाच तुमचं तोंड धरायला हवं होतं. कारण टेस्ट म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. तुम्ही जेवताना सांगायचात की एक मीटर या लाइनवर आणि दुसरं त्या लाइनवर लावून कोणतं बरोबर हे कधीच सांगता येत नाही. दोन्ही एकाच लाइनवर, एकाच लोडवर लावायची, तरच ती तुलना. तो तुमचा देव होता. रविवारी सकाळी फोरमनकाका आपलं यंत्र टॉवेलात गुंडाळून आले, काकू आल्या, मजल्यावरची निम्मी मंडळी आली. मामा विंचूरहून मुद्दाम आला. आई स्वयंपाकघरात कांदाभजी तळते आहे आणि तुम्ही टीव्हीसमोर उभे राहून सगळ्यांना नियम समजावून सांगताय. टीव्ही एकच, म्हणजे आपला. वेळ तेवढाच, घड्याळ लावून. आणि खेळणारीही एकच. "ही खेळेल. हिचा हात सगळ्यांत चांगला आहे," असं तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात. चारचौघांत तुम्ही माझं कौतुक केल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. मी फुगून जॉयस्टिकचा दांडा हातात घेतला. डावखुरी होते ना मी. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, पण तो दांडा डाव्या हातात घेतला तरी कुणी ओरडत नव्हतं.

आणि आपल्या यंत्रावर मी पटापट मेले. रोजचंच होतं ते. आपल्या बंबवाल्यात माणूस आणि जाळ एकाच आकाराचे ठोकळे होते, दोघेही सारखेच फडफडायचे, दोघेही करडे. आम्ही अंदाजाने खिडक्या धरायचो आणि त्यालाच खेळ समजायचो. मग फोरमनकाकांचं यंत्र लागलं. त्यांच्या खिडकीतला माणूस हात वर करून हाका मारायचा, लांबूनच ओळखू यायचा. मुद्दाम मरावं असं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण तुम्ही माझ्या अगदी मागे उभे होता, आणि तुमच्यासमोर मला ते जमेना. मी एकामागून एक माणसं उतरवत गेले. फोरमनकाकांची मुलगी टाळ्या वाजवत होती. माझ्याच हाताने मी तिला जिंकून देत होते आणि तुम्ही समाधानाने मान हलवत होता.

"फोरमनसाहेब, तुमचं सरस आहे," तुम्ही निकाल दिलात. "आमच्यात दोष आहे. माणूस कुठला, आग कुठली, कळतच नाही." मामा कोपऱ्यात कपबशी घेऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, तिकडं दुकानात रंगीत टीव्हीवर दाखवलंतं मला. माणूस निळा व्हता, आग लाल. रंगीतवर लावून बघा एकदा." आपल्या मजल्यावर रंगीत टीव्ही कुणाकडेच नव्हता. लोक हसले. मलाही वाटलं, मामा सारवासारव करतोय. तुम्ही मात्र हसला नाहीत, अगदी गंभीरपणे विचारलंत, "दोन्ही एकाच टीव्हीवर लावली ना? मग अन्याय कुणावर झाला?" "नाय, ते बी खरं हाय," मामा म्हणाला आणि चहा संपवून उठला. भजी खायला थांबला नाही. पुढच्या सुट्टीत तो आला तो खजुराचं पाकीट घेऊन, उभ्याउभ्याच, आणि मग येणंच कमी होत गेलं. त्या रविवारी रात्री ओट्यापाशी आई तुम्हाला एवढंच म्हणाली होती, "एवढ्या लांबून मांडीवर आणलं त्यानं. छान आहे म्हणायला काय जात होतं तुमचं?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे खोटं बोलू?" तिने झारा धुतला आणि जागेवर ठेवला. तुम्हाला वाटलं विषय मिटला.

मला तुमचं कारण कळत नव्हतं असं समजू नका. आजोबांना शाळेत वर्गाबाहेर ओट्यावर बसवायचे, पाटी तपासायची तीही लांबूनच. तुमच्या वेळेला तुम्हाला आत बसायला मिळालं, सगळ्यांना दिला तोच पेपर मिळाला, आणि त्याच्या जोरावर तुम्ही एकलहऱ्याला लागलात. सगळ्यांना एकच माप, यासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं ते तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलंत. म्हणून घरात सगळं सारखं. दादाला आणि मला एकाच रंगाची पेनं, एकाच कापडाचे युनिफॉर्म, लाडू मोडायचा तर बरोबर मधोमध. शेजारपाजारच्या मुलींना जे मिळत नव्हतं ते मला मिळालं, हे मी अमान्य करत नाही. पण आप्पा, दर रविवारी तुम्ही दोघांना तोच गणिताचा पेपर द्यायचात आणि मध्ये घड्याळ ठेवायचात. मला उत्तरं यायची. तोंडी विचारलंत तर दादाच्या आधी यायची. पण त्या मारूनमुटकून शिकवलेल्या उजव्या हाताने माझं लिहूनच व्हायचं नाही. शेवटची गणितं कोरी राहायची, आणि तुम्ही कोऱ्या जागेवर लाल रेघ मारायचात.

दहावीनंतर मलाही दादासारखा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. तुम्ही आम्हाला समोर बसवलंत. "मुलगी आहे म्हणून नाही म्हणत नाही," तुम्ही म्हणालात, "पेपर दोघांना एकच होता. दादा पुढे आहे. तू डी.एड. कर, तुला झेपेल." मी म्हटलं, माझा हात हळू चालतो. तुम्ही म्हणालात, "घड्याळ दोघांनाही तेच होतं ना?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, चांगली शिक्षिका झाले, आणि आजही घरातला फ्यूज गेला की इलेक्ट्रिशियनला फोन करताना माझं डोकं फिरतं.

तर काल तो व्हिडिओ. डाव्या बाजूला आपलं यंत्र, उजव्या बाजूला फोरमनकाकांचं, दोन्ही रंगीत पडद्यावर. आप्पा, आपल्या बंबवाल्यातली माणसं निळी होती. अगदी मामा म्हणाला होता तशी. जाळ केशरी, मधूनच पिवळा, आणि इमारतीमागे संध्याकाळचं जांभळं आभाळ, जे आपल्याकडे नुसतं काळपट दिसायचं. कुठल्या खिडकीत कोण आहे ते लहान पोरालाही कळलं असतं. ज्याने तो गेम बनवला त्याने माणूस आणि आग रंगानेच वेगळी केली होती, आणि तुम्ही त्याला काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर उभं करून त्याचा दोष काढलात. एकाच टीव्हीवर लावलं म्हणजे सारखं झालं का? मी एकटीच बसून मोठ्याने बोलत होते. वाटलं, आत्ताच्या आत्ता तुम्हाला फोन लावावा आणि म्हणावं, चुकलात, साफ चुकलात, यंत्राच्या बाबतीतही आणि माझ्याही. मामाला फोन लावावा तर तोही गेला.

आणि मग त्या परदेशी माणसाने निकाल दिला. रंग आपल्याच यंत्राचे सुंदर, म्हणाला, पण बंबवाला फार हळू चढतो, दांडा उशिरा ऐकतो, त्यामुळे एकूणात दुसरंच सरस. मी फोन गादीवर आपटला. म्हणजे रंगीत टीव्ही असूनही तुमचाच निकाल! मेल्यावरही तुम्ही मला जिंकू देत नाही. थोड्या वेळाने मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, नुसती डावी बाजू बघितली, उजवी हाताने झाकून. मग चहा केला. चहा पिताना लक्षात आलं की तुम्हाला खोटं पाडायला मीही तुमच्यासारखाच पुरावा शोधत बसले होते. तो मिळाला असता तर तुम्ही लगेच मान्य केलं असतं, तेवढे सरळ तुम्ही होताच. 'बरोबर, टेस्ट चुकली,' म्हणाला असतात. आणि त्याने माझं समाधान झालं नसतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही त्यातल्या चुकांवर लाल रेघा मारल्या असत्या. एक मात्र कबूल करते. आपला बंबवाला हळू चढायचा, हे मला त्या रविवारीही माहीत होतं, दादाला माहीत होतं, बहुतेक मामालाही. मला न्याय नकोच होता, आप्पा. सगळ्यांच्या देखत तुम्ही नुसतं 'आमच्या पोरीचंच भारी' म्हणाला असतात, तर ते खोटं आहे हे मला लगेच कळलं असतं, आणि तरीही ते मी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं असतं.