तिसरा माहितीपट

एजिसू, ४ जून २००६

ती. बोआकेदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू आवाज चढवतोस, म्हणून हे पत्र आक्र्याच्या बसड्रायव्हरबरोबर पाठवतेय. आजच्या पेपरात तुझी दर रविवारची ‘पाहायलाच हवेत असे माहितीपट’ ही यादी वाचली. पहिला ताऱ्यांवरचा, दुसरा कोकोवाल्या शेतकऱ्यांच्या बहिष्काराचा. तुझी पारख शत्रूनेही मानावी अशी. पण तिसरा? माझ्या बाबांवरचा? शेवटची कादंबरी त्यांनी थरथरत्या हाताने स्वतः लिहिली म्हणे! दादा, आजारपणाच्या शेवटच्या चार वर्षांत त्यांना फुफूचा घाससुद्धा उचलत नव्हता, मी भरवायचे. ते सांगायचे, मी लिहायचे. त्यांची वाचा गेल्यावर शेवटची सहा प्रकरणं मी एकटीने रचली. हे तुला पक्कं ठाऊक आहे. वर शाळांनी मुलांना आवर्जून न्यावं, असंही ठोकून दिलंयस. येत्या शनिवारी तो इथे दाखवणार आहेत. त्याआधी पेपरात चूक कबूल कर आणि तो यादीतून काढ.

मोठ्या भावासारखा वागलास, तर लोभ राहील.
आफ्रिये

आक्रा, ७ जून

चि. आफ्रियेस,
आशीर्वाद, तोही नाइलाजाने.

आपल्या रिवाजात मामाचं जे असतं ते भाच्याचं, मुलांचं नव्हे, हे मास्तरणीला मी शिकवायचं? बाप तुझा असेल, हस्तलिखितं माझी. ती फिल्मवाल्यांना मीच दिली. ढोल डोक्यावर वाहून नेणाऱ्याला कोणी वादक म्हणत नाही. यादीतला शब्दही हलणार नाही. शनिवारी तुझी पोरं घेऊन जा आणि गप्प बस. माझी आई येणार आहे, तिच्यासमोर तमाशा नको.

उलट टपाली उत्तराची तसदी घेऊ नये.
बोआके

आक्रा, ११ जून

चि. आफ्रियेस,
आ. वि.

आईचा फोन आला. पडद्यावर हस्तलिखिताचं पान मोठं करून दाखवलं, तशी तुझ्या वर्गातली साठ पोरं उभी राहून ओरडली म्हणे, की हे तर आमच्या बाईंचं अक्षर! आईला वाचता येत नाही, पण पोरांनी तिला सगळं समजावलं. भावाच्या पोरीचं ओरबाडून खाल्लंस, असं ती मला म्हणाली. तेच पान कोणी निवडलं, देव जाणे.

पुढच्या रविवारी माहितीपट यादीतून काढतोय. झालं तुझ्या मनासारखं? आता पोरांची तोंडं बंद कर. गोष्ट गावाबाहेर जायला नको.

एवढं ऐकावंस.
बोआके

एजिसू, १४ जून

ती. बोआकेदादास,
न. वि. वि.

खबरदार काढलास तर!

आत्या परवापासून माझ्याकडे आहे, मजेत आहे, तुला शिव्या देते. माहितीपट आता कुमासीला, मग तमालेला, मग तुमच्या आक्र्यात जाणार आहे. मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितेय. माझ्या हाताखालून गेलेली मुलं या सगळ्या गावांत आहेत, आणि तुझी यादी वाचल्याशिवाय त्यांचा रविवार उजाडत नाही. तेव्हा तो तिसऱ्यावरून पहिल्यावर आण.

लोभ नसला तरी चालेल, शिफारस मात्र दणक्यात कर.
आफ्रिये