कागदावरचे बाबा

रविवार, ८ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी जिवंत आहे का, असं विचारलंस. आहे, फक्त बोटं काळी आहेत. छापखान्यात औषधांच्या खोक्यांचं काम जोरात चाललंय. दिवसभर फिकट निळ्या पट्ट्या आणि गोळ्या-बाटल्या रंगवते, त्यामुळे घरी आलं की काहीतरी हलणारं, खोकणारं, कटकट करणारं काढावंसं वाटतं. आमच्या घरात असं एकच आहे.

बाबा समोर बसत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. फोटो काढून घे आणि मोकळी हो, म्हणतात. मग मी त्यांना चोरून काढते. दाढी करताना, खिडकीशी उभे राहून समोरच्या बेकरीवाल्याची चौकशी करताना, खाली आपल्या घड्याळांच्या दुकानात जायला निघताना. पेन्सिल सुरू झाली की त्यांना पाठीमागूनही कळतं आणि ते चिडतात. पण अर्धी दाढी फेसात असली की माणूस पळणार कुठे?

सोबत गठ्ठाच पाठवतेय. आवडेल ते चौकटीत लाव. दादा म्हणेल, बाबांचं नाक एवढं मोठं नाही. त्याला सांग, आधी स्वतः आरशात बघ.

दादाचा निरोप बाबांना दिला. दुकान बंद करून तुमच्याकडे कायमचं राहायला यायचं नाव काढलं, की त्यांना नेमकं कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करायचं आठवतं. मग म्हटलं, पाहुणे म्हणून तरी जाऊन या. त्यावरही पुढे बघू, म्हणतात. पूर्वी तुझ्याकडे यायचं म्हटलं की आदल्या दिवशीच बॅग भरून बसायचे. आता काय झालंय, कळत नाही.

भाचीला पापा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
छोटी


शनिवार, १४ जुलै

प्रिय छोटी,
अ. उ. आ.

चित्रं मिळाली. तुझी भाची प्रत्येक चित्राला नमस्कार करून आजोबांशी गप्पा मारतेय. नाकावरून तुझा दादा बोलायचा तेच बोलला, आणि मीही तुझा निरोप जशाचा तसा पोचवला.

आता जरा शांतपणे वाच. चौकटीसाठी एक निवडायचं म्हणून मी सगळी चित्रं पलंगावर पसरली. दाढीचं आवडलं. शेजारी खिडकीचं ठेवलं, मग दाराचं, आणि बघतच राहिले. प्रत्येक चित्रात बाबांच्या डाव्या हाताने काहीतरी धरलंय. बेसिनची कड, खिडकीचा गज, दाराची चौकट, खुर्चीची पाठ. एकात ते शर्टाची बटणं लावताहेत, तीसुद्धा एकाच हाताने. दुसरा हात कपाटावर टेकलेला. आणि गं, तो नुसता ठेवलेला नाही. बोटांची पेरं तू इतकी ताणलेली काढली आहेस की माझीच बोटं दुखली.

तुझ्या दादाला दाखवलं. आधी म्हणाला, छोटीने शोभेसाठी काढलं असेल. मग एकेक चित्र हातात घेऊन पुन्हा पाहिलं. मग लगेच गाडी पकडून यायला निघाला. मी त्याला अडवलं. तू असा दारात येऊन उभा राहिलास तर बाबा कबूल तर होणार नाहीतच, वर दुकानाला आतून कडी लावतील, असं मी सांगितलं. तेव्हा छोटी, आधी तू बघ. माझा भ्रम असेल तर मला खुशाल हस.

उत्तर लवकर दे, नाहीतर तुझा दादा येरझारा घालून फरशी झिजवेल.

आमची आठवण काढत राहा.

तुझी,
वहिनी


शुक्रवार, २७ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. घरात मी राहते, रोज मी बघते, आणि दूर बसून ही मला सांगणार! दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल न घेता नुसती बसले. बाबा खोलीतून बाहेर आले ते भिंत, कपाट, टेबल असे करत.

विचारलं, तर म्हणाले, देवाने हात दिलेत ते ठेवायचे कुठे? मग तुला पाठवलेल्या चित्रांची कच्ची रेखाटनं असलेल्या माझ्या वह्या मी घेतल्या, दुकान बंद व्हायच्या वेळी खाली गेले आणि त्यांच्या कामाच्या टेबलावर त्या उघडून ठेवल्या. माझं एकही चित्र त्यांनी आजवर धड पाहिलेलं नाही. त्या दिवशी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक पान असं पाहिलं, जसं कुणाचं तरी जुनं घड्याळ उघडलंय. कितीतरी वेळ. मग भिंग काढलं आणि गिऱ्हाईकाला सांगतात त्याच आवाजात म्हणाले, याचा तोल गेलाय, याला दाखवायला हवं.

मग सगळं बाहेर आलं. गेल्या थंडीपासून मान वळवली की त्यांना खोली फिरल्यासारखी वाटते. दादाला कळलं तर दुकान सुटणार, म्हणून गप्प. आणि तुमच्याकडे येणं टाळलं ते याचसाठी. म्हणाले, इथे कुठली भिंत कुठे आहे ते हाताला पाठ आहे, तिथे सुनेसमोर चाचपडत कसा चालू?

डॉक्टरांकडे गेलो. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथे बिघाड आहे. घाबरण्यासारखं नाही. त्यांनी बाबांना पलंगावर आडवं करून मान इकडे-तिकडे फिरवली, घरी करायचे व्यायाम शिकवले. फरक पडतोय. जिन्याला सुताराकडून कठडा बसवून घेतला. दादाला सांग, त्याने काळजी करावी, पण तिथूनच.

माझं मात्र बिनसलंय. पेन्सिल हातात घेववत नाही. रोज समोर बसून मी काय बघत होते गं? सावली कुठे पडते ते! माणूस पडायला आलाय ते नाही.

रागावू नकोस, आणि जवळची समजत राहा.

तुझी,
छोटी


गुरुवार, २ ऑगस्ट

प्रिय छोटी,
अ. उ. आ.

वेडी आहेस. तू बघितलं नसतंस तर ते कागदावर आलं कुठून? ती ताणलेली पेरं काय मी काढली? तुझ्या हाताला आधी कळलं, तुला जरा उशिरा, एवढंच. आणि मलाही कळलं ते सगळी चित्रं एकत्र पसरली म्हणून. रोज एकेक बघितलं असतं तर मीसुद्धा नाकावरच बोलत बसले असते.

तुझ्या दादाने दुकान बंद करायचा विषय सोडलाय. मी सोडायला लावला, हे त्याला कळू देऊ नकोस.

पुढच्या पत्रात चित्र नसेल तर पाकीट उघडणार नाही.

माया आहे म्हणून दटावते.

तुझी,
वहिनी


रविवार, १९ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र छोटीने मला वाचून दाखवलं नाही, टेबलावर उघडं ठेवलं. त्याचा अर्थ मी वाचा असाच घेतला.

तिने चित्र काढणं सोडलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. मग घर बिघडल्यासारखं झालं. ती सकाळी खिडकीशी नुसती बसायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची. शेवटी मीच म्हणालो, व्यायाम करताना माझं काय चुकतं ते डॉक्टरांना दाखवायला हवं, तेव्हा काढून ठेव. डॉक्टरांनी असं काही मागितलेलं नाही. मान फिरवताना माझं तोंड कसं होतं कोण जाणे, पहिल्याच दिवशी तिला हसू आवरेना. पण काढलं. आता रोज काढते. एक सोबत आहे, म्हणजे पाकीट उघडायला हरकत नसावी.

चक्कर पुष्कळ कमी आहे. पुढच्या महिन्यात छोटीला घेऊन तुमच्याकडे येतो. पाहुणा म्हणून. तुझ्या नवऱ्याला सांग, स्टेशनवर माझा हात धरायला येऊ नये. आलाच तर बॅग धरावी. तुमच्या घरात मी चाचपडलो तर चाचपडलो. आता लपवायचं काही उरलेलं नाही.

एक गोष्ट तुला लिहितो, छोटीला सांगू नकोस. त्या संध्याकाळी दुकानात चित्रं बघताना दुखण्याचं मला विशेष वाटलं नाही. ते मला माहीतच होतं. तुझ्या सासूबाई गेल्यापासून मी घरात कसा उठतो, कसा बसतो, याकडे कुणाचं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं. मी शर्टाचं बटण लावत होतो, तेव्हाही माझी पोर माझ्याकडे बघत होती.

सगळे सुखात राहा. लवकरच भेटतो.

तुझा,
बाबा