वन्संचे ‘हे’ आणि बिनदाती कोळंबी

११ मार्च

प्लंबरने आज कारंज्याच्या पाईपातून जिवंत कोळंबी काढली!

ओरडतच वर आला. "बाई, पाईपात जनावर अडकलंय, चावतं!" बादलीत डोकावले तर गोड्या पाण्यातली कोळंबी. बोटाएवढी आणि भयंकर चिडलेली. इतकी वर्षं मी ह्या संग्रहालयात स्पिरिटच्या बाटल्यांतल्या मेलेल्या कोळंब्या सांभाळतेय आणि एक जिवंत माझ्याच खिडकीखाली राहत होती. मला पत्ता नाही.

आणखी आहेत का बघायला खाली धावले. तोवर संग्रहालयाच्या साहेबांनी कारंजं बुजवायला घेतलेलं. तिथे फोटो काढायला चौथरा होणार आहे म्हणे. गवंडी म्हणाला, "बाई, सिमेंट ओलं आहे. पाय देऊ नका."

म्हणजे ही एकटीच.

१२ मार्च

ओल्या फडक्यात धरून भिंगाखाली घेतली. दोनदा शेपटी मारून माझा चष्मा भिजवला.

कोळंबीच्या कपाळातून पुढे एक करवत येते. करवतीवर वर किती दात, खाली किती दात, ह्यावरून जात ओळखायची. माझं अर्धं आयुष्य हे दात मोजण्यात गेलं. हिचे पाय, नांग्या, शेपूट सगळं साध्या बाजारी कोळंबीसारखं. पण करवतीवर दातच नाहीत! एकही नाही! आखूड, गुळगुळीत, आईस्क्रीमच्या चमच्यासारखी.

सगळी पुस्तकं उपसली. अशी जात कुठेही नाही.

नवीन जात. माझी.

१३ मार्च

शेजारच्या खोलीत खेकडे सांभाळणारे सहकारी आहेत, त्यांना सगळे खेकडेमास्तर म्हणतात. त्यांना दाखवली. खूप वेळ बघितली, मग म्हणाले, "एकच आहे ना? पाईपात घासून दात गेले असतील तर? एकदा कात टाकू दे, मग काय ते लिहा."

मी म्हटलं, "कड बघा किती सुबक आहे. झिजल्याची खूण तरी दिसते का?"

"मला खेकड्यातलं कळतं. मी आपलं सुचवलं."

जळतात! दुसरं काही नाही.

साहेबांकडेही गेले. साहेबांचा विषय जुनी नाणी, त्यामुळे जिवंत गोष्टींचा त्यांना कंटाळा. माझी खोली रिकामी करून तिथे भेटवस्तूंचं दुकान काढायचं त्यांनी ठरवलंच होतं. बाटल्या तळघरात आणि मी बहुधा बाटल्यांबरोबर. आज मात्र खुर्चीत सरळ बसले. "नवीन जात? पेपरात येईल? मग खोली ठेवू. वर्धापनदिनालाच जाहीर करू. पण नक्की असेल तर हं!"

नक्की करायचं म्हणजे कोळंबी स्पिरिटच्या बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, बाटली कपाटात, कायमची. त्याला मूळ नमुना म्हणतात. जिवंत चालत नाही. जिवंत असेपर्यंत तिच्याबद्दल नुसत्या गप्पा.

स्पिरिटमध्ये रंग उडतात. म्हणून रंग टिपून घ्यायला चार दिवस घरी नेतेय. मग बाटली.

१४ मार्च

घरी काचेची टाकी मांडली. तळाला वाळू, एक दगड, एक फुटका कप.

डॉक्टर – म्हणजे माझा नवरा, निवृत्त दंतवैद्य – लगेच आपला दांडीचा आरसा घेऊन आला. "आ कर" म्हणाला तिला! सवय. मग गंभीर चेहरा करून, "संपूर्ण बिनदाती. हिरड्या निरोगी."

हिला हिरड्या नसतात, असं मी सांगितलं. म्हणाला, "म्हणूनच निरोगी."

वन्सं कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. वन्सं म्हणजे डॉक्टरची थोरली बहीण. यजमान गेल्यावर आठ दिवसांसाठी आमच्याकडे आल्या, त्याला दोन वर्षं होत आली. राहण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोलत नाहीत. "चहा?" "नको." "थोडा?" "बरं." एवढाच आमचा दिवसभराचा संवाद.

आज पहिल्यांदा उठून टाकीपाशी गेल्या. तेवढ्यात शेजारीण आत आली, तशी कोळंबी सटकन उलट्या पावली फुटक्या कपात शिरली. नुसत्या मिशा बाहेर.

वन्सं म्हणाल्या, "अगंबाई! अगदी हेच!"

१५ मार्च

वन्संची आता खात्रीच झालीय. पाहुणे आले की त्यांचे यजमानही असेच मागच्या मागे खोलीत जायचे. मिशा तशाच. समोरचं अन्न उचलून कोपऱ्यात नेऊन एकट्याने खायचं, तेही तसंच. "आणि शेवटी शेवटी ह्यांना दात कुठे होते?"

आता टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात. "अहो, जेवून घ्या." "अहो, उजेड डोळ्यावर येतोय का?" मी कोळंबीला ‘ती’ म्हटलं तर रागावतात. निदान नर आहे हे खरं, मी तपासलंय, तेव्हा तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर.

डॉक्टर तिला सरळ भावोजी म्हणतो. त्याला कशातही मजा वाटते.

१७ मार्च

रंग टिपून झाले. पाठीवर शेवाळी पट्टे, नांग्यांच्या टोकांना निळसर. सुंदर आहे.

उद्या बाटली.

१८ मार्च

स्पिरिटची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. झाकण जेमतेम उघडलं आणि वन्संनी नाक वर केलं. "काय गं ते?"

मी म्हटलं, स्पिरिट. थोडीशी लागते. तिच्यासाठी. म्हणजे... त्यांच्यासाठी.

"ह्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही," वन्सं म्हणाल्या, "आणि आता ह्या वयात तू सुरू करतेस?"

डॉक्टर खोकत खोकत गच्चीवर पळाला. झाकण लावलं.

२० मार्च

पुन्हा प्रयत्न. वन्सं अंघोळीला गेल्यावर जाळी घेऊन टाकीपाशी गेले. एका हातात जाळी, दुसऱ्यात बाटली. कोळंबी कपाच्या तोंडाशी येऊन मिशा हलवत होती. ह्या हातांनी मी शेकडो नमुने बुडवलेत. कधी काही वाटलं नाही.

आतून वन्सं हाक मारतात, "अहो, आलेच हं!"

जाळी ठेवून दिली. त्या बाहेर आल्या आणि कोळंबीला सांगत बसल्या की शेजारणीने केस काळे केलेत, कपाळही काळं झालंय. सांगता सांगता स्वतःच हसल्या. मोठ्याने. दोन वर्षांत ह्या घरात ते हसणं मी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं. कांदा चिरते म्हणून स्वयंपाकघरात गेले, तिथे कांदा नव्हता.

खोली हवी आहे मला. जात हवी आहे. पण म्हणून त्यांना पुन्हा एकदा विधवा करायचं?

२३ मार्च

साहेब जिन्यात भेटले. "काय, झाली का नक्की?" होतेय म्हटलं. दुकानवाला टेप घेऊन माझ्या खोलीची मापं काढत होता. माझ्या कपाटालाही टेप लावली त्याने!

खेकडेमास्तर दारात उभे. "टाकली का कात?"

मी कपाट पुसायला घेतलं.

२६ मार्च

गेली!!

सकाळी वन्संच्या हंबरड्यानेच जाग आली. मी बाहेर येईपर्यंत त्यांनी कोळंबी पाण्यातून काढून, यजमानांच्या रुमालात गुंडाळून, वर चमेलीचं एक फूल ठेवलेलं. डोळे कोरडे, चेहरा दगड. मला म्हणाल्या, "ने. तुला पाहिजे होते ना? ने आता."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर, इथे कोण वाचतंय, मनात एक उकळीही फुटली. मी मारलं नाही आणि मला मिळाली! लाज वाटली, पण उकळी काही बसेना. रुमाल न सोडता तसाच जपून पिशवीत घातला.

शेजारीण भेटायला आली. "वय काय होतं?" डॉक्टरने हात जोडून सांगितलं, "वय झालेलंच होतं. पण कुणाला त्रास दिला नाही."

२६ मार्च, दुपार

संग्रहालयात रुमाल सोडला. फूल बाजूला केलं. भिंगाखाली धरली.

आत काहीच नाही! पोकळ! मिशा, पाय, नांग्या, डोळ्यांवरच्या काचा, बिनदाती करवत, सगळं जिथल्या तिथे, आणि आत नुसती हवा.

कात! ही कात आहे! अख्खं आयुष्य कोळंब्यांत घालवलेली बाई मी, पोरासोरांनासुद्धा कळेल ते मला कळलं नाही. रुमाल उघडून बघायचंही सुचलं नाही, कारण मला ती मेलेलीच हवी होती.

टॅक्सी करून घरी. वाटेत चालकाला सांगितलं, जरा लवकर चला, घरात एकजण गेलेला नाही.

वन्सं टाकीसमोर खुर्चीत बसून रिकाम्या पाण्याला सगळं ऐकवत होत्या. तुमच्या आईने माझ्या बांगड्या कशा वापरल्या. तुम्ही कसे कधी मध्ये बोलला नाहीत. सहलीला न्यायचं कबूल करून कसं नेलं नाहीत. सगळा संसार काढला होता. मी हळूच दगड उचलला. मागे तो! मऊ, फिका, भेदरलेला. कात टाकली की काही दिवस कोळंबीचं अंग मऊ राहतं, म्हणून ती दडून बसते.

"वन्सं, गेले नाहीत हो ते. त्यांनी फक्त कपडे बदलले."

वन्संनी ओठांवर हात ठेवला. "म्हणजे मघापासून इथेच होते? सगळं ऐकलं ह्यांनी?"

डॉक्टर म्हणाला, "भावोजींनी आजवर तुझं काही ऐकलंय का?"

२७ मार्च

आज सुचलं. मला देहच कशाला हवा? करवत कातीत आहे. पाय आहेत, नांग्या आहेत, मोजायला लागतं ते सगळं आहे. मूळ नमुना म्हणून कातच बाटलीत ठेवते! नियमात कुठे ‘मांसासह’ लिहिलंय? कोळंबी टाकीत, जात कपाटात, खोली माझी, वन्सं हसऱ्या.

इतकी हुशार मी आधी का नव्हते?

३० मार्च

दिवसभर भिंग, मोजमापं, चित्रं, लिहिणं. घरी नुसती झोपायला येते. वन्संनी टाकीवर जाड फडकं टाकलंय. "ह्यांना अशक्तपणा आहे. कुणी बघायचं नाही." बरं.

२ एप्रिल

वर्णन साहेबांना दिलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं पान बघितलं आणि म्हणाले, "नाव काय ठेवणार?"

हे नाव म्हणजे एकदा ठेवलं की शेकडो वर्षं पुसलं जात नाही. मी ते माझ्या गुरूंसाठी राखून ठेवलं होतं. पण घरी आले तर वन्संनी चहा करून ठेवलेला. माझ्यासाठी! म्हणाल्या, "ह्यांचं नाव कुठेच नाही बघ. घरावरही सासऱ्यांचं होतं."

दिलं. यजमानांचं नाव दिलं. गुरूंना कळेल.

५ एप्रिल

खेकडेमास्तर दारात. "नवीन करवत बघितली का? कातीच्या आतून आलेली?"

मी म्हटलं, कातीवर सगळं स्पष्ट आहे.

"कातीवर जुनं असतं," म्हणाले, आणि गेले. चालतातही तसेच, आडवे.

घरी आल्यावर फडक्याचं टोक दोन बोटांत धरलं. मग वाटलं, अशक्तपणा आहे, कशाला उजेड.

८ एप्रिल

परवा वर्धापनदिन. खोलीच्या दारावर नवी पाटी लागली: ‘कोळंबी दालन’. टेप घेऊन आलेला दुकानवाला मलाच पेढ्यासाठी अडवतो! पेपरवाल्यांना बोलावलंय. चौथऱ्यावर कात मोठी करून तिचा फोटो उभा केलाय, माणसाएवढा. लोक बिनदाती करवतीला टेकून फोटो काढतायत.

जेवताना वन्सं म्हणाल्या, "ह्यांचं नाक सुधारलं हो. चेहरा चांगला भरला."

अन्न मानवलं असेल, म्हटलं, आणि आमटी जास्तीची वाढून घेतली. ह्या घरात आता सगळ्यांची तब्येत सुधारतेय.

९ एप्रिल

वन्संनी स्वतःच फडकं काढलं. म्हणाल्या, उद्या ह्यांचा मान आहे, आज ह्यांना बघ तरी.

करवत लांब आली आहे. वर नऊ दात, खाली चार. मी भिंगाने मोजले, डॉक्टरने आरशाने मोजले. बाजारात ढिगाने मिळते तीच कोळंबी. पाईपात घासून दात गेले होते, कात टाकल्यावर परत आले. त्या दिवशी स्पिरिटमध्ये टाकली असती तर ती नवीन जात झाली असती आणि कधीच कुणाला कळलं नसतं. जगली, म्हणून साधीच निघाली.

वन्सं आनंदाने डॉक्टरला म्हणाल्या, "बघ! जन्मभर दवाखाना चालवलास, कुणाचा एक दात परत आणलास?"

साहेबांना फोन लावलाय. घंटा वाजतेय.