समोरच्या पायरीवरून

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या बायकोची कंबर आता कशी आहे? तिला ओझी उचलू देऊ नकोस.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. उजव्या पायाची दोन बोटं बर्फाने खाल्ली ते तुला ठाऊकच आहे, आता गुडघ्यानेही संप पुकारलाय. डॉक्टर म्हणाला, "आजी, डोंगर आता पुरे." मी म्हटलं, "डोंगराचं सोड, तुझा जिनाच तीनदा थांबून चढले."

माझ्या प्रवासांचं पुस्तक निघतंय. चाळीस वर्षांच्या वह्या चाळायला संपादिका रोज येते. वाळवंटातले एकोणीस दिवस, नकाशात नसलेली ती नदी, मी मेले असं समजून साथीदारांनी उरकलेली शोकसभा, सगळं तिला आवडतं. परवा तिने विचारलं, "नदीच्या मुखाशी पोचायला चार दिवस उरले होते. मग पुढचे तीन आठवडे वही कोरी का?" मी म्हटलं, ताप आला होता. तिने ते लिहूनही घेतलं.

ताप नव्हता. बाबांच्या दुखण्याची तुझी तार तळावर वेळेवर पोचली होती. सव्वीस वर्षं मी तुला उलटं सांगत आले.

मोहीम अर्धवट टाकून मी निघाले आणि पाचव्या दिवशी गावात होते. आपल्या दुकानासमोर वह्या-पुस्तकांचं दुकान होतं ना, त्याच्या पायरीवर उभी राहिले. दुपारचे चार वाजले असतील. बाबा दारात खुर्चीवर बसले होते, शिलाई मशीन मागे सरकवलेलं. तू खाली बसून त्यांच्या पायाची नखं कापत होतास. तू काहीतरी बोललास, ते हसले. मला वाटलं, मी मध्ये जाऊन करू काय? कुठलं औषध कधी द्यायचं, एवढंही मला ठाऊक नव्हतं. पाहुणीसारखी बसले असते. खरं सांगायचं तर भीती वाटली. अर्ध्या तासाने स्टेशनवर परत गेले. आठ दिवसांनी बाबा गेले.

हे पुस्तकात घालू का? तू नको म्हणालास तर ताप राहील.

तुझी, दाराशी येऊन परत फिरलेली
ताई

२२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. हिची कंबर बरी आहे.

तू दिसली होतीस. आधी बाबांना. ते म्हणाले, "समोर बघ, आली." मी उठायला लागलो तर त्यांनी माझा खांदा दाबला. "हाक मारू नकोस. तिचं तिला येऊ दे." हसले ते तेव्हा. मी काहीच बोललो नव्हतो.

मी नखं कापत राहिलो. मान वर केली तेव्हा तू नव्हतीस. "पोरगी रोडावली," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. पुढचे आठ दिवस येईल त्याला सांगत होते, माझी मुलगी येऊन गेली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी कुणालाही खरं सांगितलं नाही. तुझ्यावर राग होता, म्हणून त्यांना खोटं ठरू दिलं. ते आजही गिळता येत नाही.

पुस्तकात ताप नको. जे झालं ते लिही, माझंही लिही.

याला उत्तर पाठवू नकोस, ये.

तुझा
धाकटा