लान काकूंच्या अंगणातलं हळदी-कुंकू

१८ जानेवारी, दा लात

थेटे मॅडमचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला. उद्या विमानात त्यांच्या शेजारची सीट आली तर उभी राहून येईन!

आज शेवटचा दिवस. कॉलेजनं आम्हा मुलींना व्हिएतनामला आणलं ते फुलशेती बघायला — आणि मॅडमनी शेवट कशानं केला, तर हळदी-कुंकवानं. संक्रांतीचे दिवस आहेत म्हणे, शेतावरच्या बायकांना आपली संस्कृती दाखवू. तिळगूळ, कुंकू, वाणाला स्टीलच्या वाट्या, सगळं शिर्डीहून बॅगेत भरून आणलेलं.

कार्यक्रम लान काकूंच्या अंगणात. मी आणि वर्गातली दिशा त्यांच्याच घरी राहिलो. चटया काकूंनी अंथरल्या, चहा काकूंनी केला. मग नवा स्वेटर घालून त्याही रांगेत बसल्या. मॅडम एकेकीला कुंकू लावत, वाटी देत आल्या. काकूंपाशी आल्या आणि सरळ पुढच्या बाईकडे सरकल्या! काकूंनी पुढे केलेलं कपाळ तसंच राहिलं.

नंतर मॅडमना कोपऱ्यात गाठलं. म्हणाल्या, "अगं, घरात नवऱ्याचा फोटो आहे, उदबत्ती लावतात त्याला. मला काय आनंद होतो का? रीत असते."

हलकट बाई! मी सातवीत होते तेव्हा माझे वडील गेले. आईला तेव्हापासून कुणी कुंकू लावलेलं नाही. मॅडमना हे माहीत आहे, आणि मलाच रीत सांगतात!

काकूंनी मोबाईलवर काहीतरी टाईप केलं, ते मराठीत उमटलं — माझ्याकडून काही चुकलं का? मी लिहिलं, वाट्या कमी पडल्या. त्या हसल्या. वाटेत खायला म्हणून उकडलेली रताळी बांधून दिली. मला रडू आलं.

१९ जानेवारी

विमान. मॅडमनी लिमलेटची गोळी पुढे केली. घेतली नाही.

२० जानेवारी, राहाता

आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी पेटेल. ती भाकरी थापत राहिली.

"मॅडमला लई बोलू नको. तिनं काय नवीन केलं न्हाई."

मला तिचाच राग आला. असल्या बायकांमुळेच मॅडमसारख्यांचं फावतं! जेवले नाही.

२२ जानेवारी

प्राचार्यांकडे तक्रार करायची म्हटलं तर दिशा म्हणाली, कशाला वाढवतेस, प्रॅक्टिकलचे मार्क मॅडमच्या हातात आहेत. भित्री! सगळ्याच भित्र्या. आणि रांगेत हिनंही मान खालीच घातली होती. मी असते ना मॅडमच्या जागी, तर पहिलं कुंकू काकूंना लावलं असतं. दिशाला तोंडावर सांगितलं तसं.

२४ जानेवारी

आज घरी वहिनीचं हळदी-कुंकू. तिला आठवा महिना, वाकवत नाही, म्हणून कुंकवाचं ताट माझ्याकडे दिलं. सगळी गल्ली आलेली. एकेकीला लावत गेले.

शेवटी आई. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिळगुळाचा डबा घेऊन. मी तिच्यासमोर जाऊन थांबले. बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. आई माझ्याकडे बघत होती.

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि मागे वळले.