हाक न देणाऱ्या पेशी

४ मार्च
नोकरी मिळाली! सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता करता घरी वाचून शिकलेल्या, पदवी नसलेल्या माणसाला प्रयोगशाळेने पेशी सांभाळायला घेतलं. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी. चपट्या बाटल्यांत, गुलाबी द्रवात वाढतात. प्रमुख बाईंनी काम समजावलं: श्वसनरोगाच्या एका विषाणूतलं एकच प्रथिन या पेशींत तयार करवायचं आणि ते नेमकं काय करतं हे शोधायचं. एप्रन तिथेच ठेवायचा नियम आहे, पण त्यांची धुलाई माझ्या पसंतीची नाही. मी घरी आणला. बायको म्हणाली, एवढे शास्त्रज्ञ झालात, आता दाराशी पायपुसणं कशाला असतं तेही शोधून काढा. मग बूट, टॉवेल, उघडा नळ, सगळ्यांचा उद्धार झाला.

९ मार्च
कोडं सुटतंय. आजारी पडलेली पेशी शेजारणींना रासायनिक हाक देते: सावध व्हा. हे प्रथिन ती हाकच बंद पाडतं. पेशी आतून मरायला टेकलेली, दिसायला ठणठणीत. बाई भलत्याच खूश.
शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं बोट बर्नरच्या ज्योतीत होतं. करपल्याचा वास मला आला. तो दुसऱ्या हाताने निवांत लिहीत होता. ओढलं तेव्हा म्हणाला, चालायचंच.

१४ मार्च
सहकारी खोकतो. रुमालावर रक्त. तो रुमाल घडी करून खिशात ठेवतो. मी बाईंना विचारलं, हे बाटलीतून बाहेर तर आलं नाही? म्हणाल्या, नुसतं प्रथिन आहे, विषाणू नव्हे, पसरेल कसं? बोलताना त्यांना धाप लागत होती. ओठ निळसर. इथे कुणीच घाबरत कसं नाही? काहीतरी दडवताहेत. की दडवतही नाहीत —

१७ मार्च
सहकारी गेला. बाईंनी चहा ढवळता ढवळता सांगितलं.
घरी आलो, चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात. बायको काही बोलली नाही. मुद्दाम नळ उघडा टाकला. तरी नाही.
ती इस्त्री करत होती. माझ्या एप्रनला.

१८ मार्च
तिला खोकला. ओठ बाईंसारखे. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर हसली.
"काही नाही हो, सगळं ठीक आहे."
लग्नापासून हे वाक्य तिच्या तोंडून कधी —
रुग्णवाहिका बोलावली. तिने दारातूनच परत पाठवली. उद्या उजाडताच पुन्हा बोलावणार, उचलून नेणार. नंबर या पानावर ठळक लिहितोय. गॅसवर बोट धरून पाहिलं. चटका बसला. देवा, बसला. मी अजून —

१९ मार्च
बायको उठली नाही. हाक मारली, नाही उठली. हात गार आहे. झोपू दे.
वर एक नंबर लिहिलेला दिसतो, माझ्याच अक्षरात. कशाला बरं —
पानावर लाल शिंतोडे. पुसले. बोटाला फोड आहे, बराच मोठा. चालायचंच.
एप्रन छान परीटघडीचा. घालून निघतो. तशी घाई काही