चर आपल्या गल्लीत वळला नाही

प्रिय बबडे,

तुझ्या कंपनीची माणसं विद्यापीठात खोदायला आली, त्या दिवसापासून मला संशय आहे. मी दार उघडलं की त्यांचं बोलणं बंद. वर माझ्या गुडघ्यांची चौकशी! पाईप टाकायला आलेल्या माणसाला माझे गुडघे कुठून ठाऊक, सांग बघू?

तुझ्या बाबांचं तर विचारूच नकोस. उभा जन्म विद्यापीठाच्या पॉवरहाउसमध्ये गेला. वीज तयार करताना निघणारी उष्णता वाफेतून सगळ्या इमारतींत फिरवायची, आपलं घरही त्यावरच गरम. घरी आले की आधी भिंतीतल्या पाईपवर तळहात टेकवायचा आणि तिकडे ड्यूटीवर कोण आहे ते ओळखायचं, ही त्यांची जुनी खोड. हल्ली पाईपला हातच लावत नाहीत. नवी यंत्रणा, वाफेऐवजी गरम पाणी, गॅसची बचत, सगळं मास्तरासारखं समजावतात; पण आपल्या गल्लीचं विचारलं की चष्मा पुसायला घेतात. मला वाटलं, नोकरी गेली आणि लपवतायत.

काल भाजी आणायला निघाले, तर नव्या पाईपांचा चर ग्रंथालयापासून सरळ येतो आणि आपल्या गल्लीशी आला की गपकन वसतिगृहाकडे वळतो. सुपरवायझरला धरलं. तो बिचारा सरळ निघाला. म्हणाला, ही घरं मॅडमनीच वगळलीत, लवकरच रिकामी होणार म्हणून. कोण मॅडम, हे विचारायची गरजच पडली नाही. अस्सा राग आला म्हणून सांगू!

मग बाबांना फैलावर घेतलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. जुनी वाफ बंद होऊन हिवाळ्यात घर गारठलं की आई मुकाट्याने माझ्याकडे येईल, असं तू त्यांना पटवलंस. अगं, आईला घरातून हलवायला एवढी खोदाई? सरळ विचारायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं, तू रडली असतीस, मग मी आले असते.

भांडायला लिहीत नाहीये. येतो आम्ही. पण आपल्या भिंतीपलीकडे माळी राहतो. त्याची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे, आणि त्यांना बोलावून घेणारी लेक नाही. नकाशा काढताना तुला फक्त आपलंच घर दिसलं, याचं मला फार वाईट वाटलं. चर गल्लीत आण. त्यांची खोली गरम झाली की कळवते, मग न्यायला ये.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
आई